फेस म्हणजे सफाई नव्हे

गेल्या हिवाळ्यात आमच्या धाकट्या मुलीने शाळेचा स्कार्फ बांधायला नकार दिला. चौथीतली पोर. "मम्मी, मान खाजते," एवढेच म्हणायची. सुरुवातीला मला वाटले, शाळेला जायचा कंटाळा आला असेल. शिक्षिकेच्या घरातही असे बहाणे चालतातच. पण एका रात्री दिवा लावून पाहिले, तर मानेवर, कोपराच्या आतल्या बाजूला आणि सलवारची नाडी बांधतो तिथे कमरेवर लाल चट्टे होते. खाजवून खाजवून काही ठिकाणी कातडी सोलली होती. झोपेतही तिचा हात मानेकडे जात होता.

आम्ही तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. डॉक्टरबाईंनी मलम दिले, अंघोळीनंतर लावायला क्रीम दिले आणि चिठ्ठी लिहिता लिहिता विचारले, "कपडे कशात धुता? आणि पावडर किती टाकता?"

मी जरा अभिमानानेच सांगितले, "घरी फ्रंट लोड मशीन आहे. पावडरीत मी कंजुषी करत नाही. चांगला फेस आला पाहिजे."

त्या हसल्या. म्हणाल्या, "मुलीची कातडी मुळातच कोरडी आणि नाजूक आहे. तो काही साबणाचा दोष नाही. पण कपड्यात राहिलेला साबण दिवसभर अंगाला घासत असेल, तर मलमाने बरे झालेले कपडे पुन्हा बिघडवतील. आधी तेवढे थांबवा."

त्या रविवारी मी घरी एक प्रयोग केला. धुऊन, वाळवून कपाटात ठेवलेले चार सोलापुरी टॉवेल मशीनमध्ये टाकले. पावडरचा एक कणही घातला नाही. ४० अंशांवर मशीन सुरू केले आणि समोर स्टूल घेऊन बसले. दहाएक मिनिटांत काचेच्या दारामागे पांढरा फेस दिसू लागला. स्वच्छ म्हणून ज्या टॉवेलने आम्ही तोंड पुसत होतो, त्यातून हा फेस निघत होता. मी महिन्यामागून महिने पैसे देऊन घरच्यांच्या अंगाला साबण चोळत होते, असेच म्हणायचे.

वाचक भगिनींनो, तुमच्या घरी फ्रंट लोड मशीन असेल तर हा प्रयोग एकदा जरूर करून पाहा. पुढचे सगळे त्यातूनच समजते.

फेसाची सवय आली कुठून?

आपल्या आई-आजींनी कपडे धुतले ते दगडावर, वडीने. त्या काळी फेसाला अर्थ होता. साबण हा तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोड्यापासून बनतो. पाणी जड असेल, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतील, तर साबण आधी त्या क्षारांशी जुळून चिकट साका बनवतो आणि वाया जातो. क्षार संपले की मगच फेस येतो. म्हणून फेस आला म्हणजे साबण आता कपड्याच्या कामाला लागला, हे आजीचे अनुमान बरोबरच होते.

मग पावडरी आल्या. १९५९ मध्ये सर्फ भारतात आले. १९६९ मध्ये अहमदाबादच्या करसनभाई पटेल यांनी निरमा सुरू केले आणि स्वस्त पावडर घराघरांत पोहोचली. या पावडरींतला सफाई करणारा घटक साबण नसून कारखान्यात तयार केलेले डिटर्जंट असते. ते जड पाण्यातही फेस देते. बादलीत हात घालून ढवळले की फेस वर येतो आणि मनाला समाधान वाटते. ते समाधान आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की मशीन बदलले तरी नजर फेसाकडेच जाते.

मळ काढण्याचे काम फेस करत नाही. ते काम पाण्यात विरघळलेले डिटर्जंट करते. त्याच्या कणाचे एक टोक तेलकट मळाला धरते, दुसरे पाण्याला. मळ कपड्यापासून सुटतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. फेस ही त्यातली वरवरची गोष्ट आहे.

फ्रंट लोडमध्ये काय घडते?

फ्रंट लोड मशीन कमी पाण्यात कपडे धुते. साधारणपणे एका धुण्याला ५० ते ६० लिटर पाणी लागते. वरून कपडे टाकायच्या ऑटोमॅटिक मशीनला त्याच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक लागू शकते. आमच्या सोलापुरात उजनीचे पाणी नळाला रोज येत नाही. दोन पाळ्यांमधले दिवस टाकीवर काढावे लागतात. म्हणूनच आम्ही हे मशीन घेतले.

आता त्याची रीत पाहा. ड्रम आडवा असतो. कपडे त्याच्याबरोबर वर जातात आणि वरून खाली पाण्यात आदळतात. आपण दगडावर कपडा आपटायचो, तेच काम. आत फेस भरला तर कपडे उशीवर पडल्यासारखे अलगद पडतात, आपटतच नाहीत. मळ तसाच राहतो. वर खळबळायलाही पाणी थोडेच असल्यामुळे जास्तीचा साबण पूर्ण निघत नाही. काही मशीन फेस ओळखून आपण होऊन जादा पाणी घेतात आणि वेळ वाढवतात. म्हणजे पाणी आणि वीज वाचवायला घेतलेले मशीन आपल्याच हाताने आपण खर्चिक करतो.

बादलीची पावडर यात वापरू नये ती याच कारणाने. ती फेस यावा म्हणूनच बनवलेली असते. फ्रंट लोडच्या पावडरीत फेस दाबणारा घटक घातलेला असतो. पाकिटावर 'मॅटिक' एवढेच लिहिलेले असेल तर समाधान मानू नका. त्याखाली 'फ्रंट लोड' आहे की 'टॉप लोड' ते पाहा. दोन्ही पाकिटे दिसायला सारखीच असतात आणि दुकानदार घाईत कुठलेही हातात देतो.

हळदीच्या कागदाची परीक्षा

सौम्य डिटर्जंट कसे ओळखायचे? पाकिटावर फुले असतात, बाळाचे चित्र असते, 'जेंटल' असेही लिहिलेले असते. त्यावर किती विश्वास ठेवायचा?

मी भाषा शिकवते, विज्ञान नाही. पण आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या बाईंनी एक सोपी युक्ती सांगितली. वरणाचा डाग लागलेल्या कुर्त्याला साबण लावला की डाग लाल होतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. हळद आम्लारी पदार्थात लाल होते. मुले शाळेत हळदीचा कागद करून हेच शिकतात. मग घरी का करू नये?

साध्या पांढऱ्या कागदाला हळद कालवलेले पाणी लावून वाळवा. त्याच्या पट्ट्या कापा. वेगवेगळ्या वाट्यांत वेगवेगळी डिटर्जंट थोड्या पाण्यात विरघळवा आणि प्रत्येकात एक पट्टी बुडवा. मी मुलींना घेऊन हे केले. बादलीच्या पावडरीत पट्टी क्षणात विटकरी लाल झाली. फ्रंट लोडच्या पावडरीतही लाल झाली. एका द्रव डिटर्जंटमध्ये फिकट तांबूस झाली, लोकरीसाठीच्या द्रवात जवळजवळ पिवळीच राहिली. रिठ्याच्या पाण्यात तर अजिबात बदलली नाही.

याचा अर्थ असा. पावडरीत धुण्याचा सोडा असतो. बहुतेक पावडरींच्या द्रावणाचा सामू १० च्या आसपास जातो. आपली कातडी किंचित आम्लधर्मी असते. तिचा सामू ५ च्या जवळपास. सोडा मळ काढायला चांगला, पण तो कपड्यात राहिला आणि घामाने ओला झाला की नाजूक कातडीला झोंबतो. हाताने धुणाऱ्या बायकांच्या बोटांना भेगा पडतात, त्यातही सोड्याचा वाटा असतो.

मात्र ही परीक्षा अर्धीच आहे. हळदीचा कागद सुगंधाविषयी काही सांगत नाही, आणि कातडीच्या तक्रारीत सुगंधाचा भाग मोठा असतो.

पाकिटावर काय वाचावे?

पहिली गोष्ट सुगंध. अनेकांच्या कातडीला डिटर्जंटमधली सुगंधी द्रव्ये सोसत नाहीत. 'फ्रॅग्रन्स फ्री' म्हणजे सुगंध घातलेलाच नाही. 'अनसेंटेड' म्हणजे वास येत नाही. पण वास झाकण्यासाठीही काही घातलेले असू शकते. दोन शब्दांत फरक आहे. आपल्या बाजारात सुगंधविरहित डिटर्जंट शोधावे लागते. न मिळाल्यास निदान ज्याचा वास दुसऱ्या दिवशीही कपाटातून येतो असे घेऊ नका. वास टिकतो याचा अर्थ सुगंधी द्रव्य कपड्यावर टिकून आहे. आपल्याला सुगंध आवडतो, आणि जुम्म्याला अत्तर लावायलाही काही हरकत नाही. पण ते आपण आपल्या मर्जीने थोडेसे लावतो. मुलाच्या बनियनमध्ये चोवीस तास ते कशाला हवे?

दुसरी गोष्ट, द्रव म्हणजे सौम्यच असे नाही. द्रवात सोडा कमी असतो, ते पाण्यात पूर्ण विरघळते आणि कपड्यावर पांढरे डाग ठेवत नाही. हे त्याचे गुण. पण द्रव टिकावे म्हणून त्यात परिरक्षके घालतात आणि काहींना त्यांचीच ॲलर्जी असते. पावडर सोसत नाही म्हणून द्रव आणले आणि खाज वाढली, असेही होऊ शकते.

तिसरी गोष्ट एन्झाइम, म्हणजे विकरे. रक्त, दूध, अंडे यांचे डाग एक विकर तोडते, भात-पिठाचे दुसरे, तेलकट डाग तिसरे. सुती कपड्यांना ती चांगली. पण रेशीम आणि लोकर ही स्वतः प्रथिनेच आहेत. प्रथिने तोडणारे विकर त्यांनाही कुरतडते. म्हणून रेशमी दुपट्टा, पश्मिन्याची शाल यांच्यासाठी रिठ्याचे पाणी किंवा गोदरेज इझीसारखे लोकरीचे द्रव घ्या, आणि शक्यतो हाताने धुवा.

चौथी गोष्ट, 'हायपोॲलर्जेनिक' आणि 'बेबी' हे शब्द. त्यांना हमीपत्र समजू नका. बाळाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कित्येक बाटल्या महाग असतात आणि सुगंधीही. पुढची चित्रे सोडा आणि मागची बारीक अक्षरे वाचा.

पाचवी गोष्ट फॅब्रिक सॉफ्टनर. ते धाग्यावर मऊ थर चढवते. त्याच थरामुळे टॉवेल पाणी शोषेनासा होतो. जगभर नाव असलेला आपला सोलापुरी टॉवेल सॉफ्टनरमध्ये भिजवायचा आणि मग तो अंग पुसत नाही म्हणायचे, हा टॉवेलवर अन्यायच आहे. शिवाय सॉफ्टनर शेवटच्या पाण्यात पडते, त्यानंतर कपडे धुतलेच जात नाहीत. घरात कोणाला खाज असेल तर सर्वांत आधी हेच बंद करावे.

रिठ्याविषयीही एक शब्द. रिठा सौम्य आहे, स्वस्त आहे, पण त्याला फेस फार येतो आणि तेलकट मळ त्याला झेपत नाही. फ्रंट लोड मशीनमध्ये तो नको. तसेच साबण किसून, सोडा मिसळून घरी केलेली पावडर. जड पाण्यात तिचा साका होतो, कपडे हळूहळू राखाडी पडतात आणि मशीनच्या आत थर बसतो.

स्वस्त कशाला म्हणायचे?

आपण पाकिटाची किंमत बघतो. बघायला हवी ती एका धुण्याची किंमत. एक हिशेब मांडू. भाव फक्त उदाहरणापुरते घेतले आहेत. तुम्ही आपल्या दुकानातले घाला.

समजा बादलीची पावडर १२० रुपये किलो आहे आणि फेसाच्या हौसेने आपण दरवेळी १०० ग्रॅम टाकतो. एका किलोत १० धुणी झाली. एका धुण्याला १२ रुपये.

फ्रंट लोडची पावडर समजा २५० रुपये किलो. माप ४० ग्रॅम. एका किलोत २५ धुणी. एका धुण्याला १० रुपये.

फ्रंट लोडचे द्रव समजा २२० रुपये लिटर. माप ३५ मिलिलिटर. साधारण २८ धुणी. एका धुण्याला सुमारे ८ रुपये.

महाग वाटणारे पाकीट मापात वापरले की स्वस्त पडते. त्यात जादा खळबळण्याचे पाणी आणि वीज, मलमाचा खर्च, डॉक्टरांची फी धरली तर हिशेब आणखी स्पष्ट होतो. सूट आहे म्हणून पाच किलोची पिशवी मात्र एकदम आणू नका. आधी लहान पाऊच आणा. दोन आठवडे वापरा. कातडीला आणि कपड्याला सोसले तर मोठे घ्या. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. पावडर, अंघोळीचा साबण आणि तेल तिन्ही एकदम बदलले तर फरक कशाने पडला हे कधीच कळणार नाही.

आता माप. कंपनीचे माप पाकिटावर असते. हलका मळ आणि कमी कपडे यांसाठी दिलेले सर्वांत लहान माप घेऊन सुरुवात करा. शेवटच्या पाण्याच्या वेळी काचेतून पाहा. फेस दिसत असेल तर पुढच्या वेळी आणखी कमी करा. कपड्याला घामाचा वास राहिला, कॉलर मळकट राहिली, तर थोडे वाढवा. आमच्या घरी नळाच्या पाण्याला दोन सपाट मोठे चमचे पावडर पुरते. बोअरचे पाणी वापरावे लागले तर तीन. बोअरचे पाणी जड आहे हे तोटीवरच्या पांढऱ्या थरावरून कळते. जड पाण्यात डिटर्जंट थोडे जास्त लागते, त्याला इलाज नाही; पण 'थोडे' म्हणजे एक चमचा, मूठभर नव्हे. जमल्यास धुण्याचा दिवस नळाच्या पाण्याशी जुळवून घ्यावा.

माप चुकू नये म्हणून मी जुना चमचा डब्यातच ठेवून दिला आहे. घरात मशीन कोणीही लावो, चमचा तोच.

कोणत्या कपड्याला काय?

काळा बुरखा, अबाया, काळे स्कार्फ उलटे करून, थंड पाण्यात, द्रव डिटर्जंटने धुवा. पावडर नीट विरघळली नाही तर काळ्यावर पांढरे ओघळ दिसतात. शिवाय बऱ्याच पावडरींत पांढरेपणा चमकवणारे द्रव्य आणि ऑक्सिजनवाला विरंजक असतो. पांढऱ्याला ते चांगले, काळ्याचे मात्र तेज घालवतात.

पांढरे कुर्ते-पायजमे, टोप्या, चादरी यांना पावडर बरी. ४० अंशांचे पाणी पुरते. हळदीचा डाग धुऊन ओला असतानाच कडक उन्हात टाका. ऊन तो फिका करते. तेच रंगीत कपड्याला करू नका.

रक्ताचा डाग आधी थंड पाण्यात भिजवा. गरम पाण्याने तो पक्का होतो.

लहान मुलांचे आणि ज्याला खाज आहे त्याचे कपडे, आतले कपडे आणि उशीचे अभ्रे यांना जादा खळबळण्याचे बटण दाबा. सगळ्याच धुण्याला ते नको, तेवढ्यापुरतेच. नवीन कपडा, मग तो ईदचा का असेना, एकदा धुऊनच मुलाच्या अंगावर घाला.

ड्रम ठासून भरू नका. कपड्यांच्या वर पंजा उभा राहील एवढी जागा हवी. सोलापुरी चादर भिजली की जड होते. एका वेळी एक-दोन पुरेत.

पाकीचा प्रश्न

मशीन घरी आले त्या दिवशी माझ्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना अम्मी म्हणतो, काचेसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इत्ते से पानी में कपडे पाक कैसे होते?" हा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नमाजच्या कपड्यांचा प्रश्न आहे.

मी त्यांना मशीनची रीत समजावली. साबणाचे पाणी एकदा पूर्ण बाहेर जाते. मग दोन-तीन वेळा नवे पाणी येते, कपडे खळबळले जातात, आणि दरवेळी ते पाणी बाहेर टाकून कपडे पिळले जातात. एकाच बादलीत सगळे कपडे बुडवून काढण्यापेक्षा हे बरेच बरे. तरीही आम्ही घरात एक नियम ठेवला आहे. लघवी, रक्त किंवा इतर नजासत लागलेला कपडा सरळ मशीनमध्ये जात नाही. तो आधी नळाखाली वेगळा धुऊन, पिळून, पाक करून घ्यायचा आणि मगच बाकीच्या कपड्यांत टाकायचा. यातला मसला हनफी आणि शाफई मसलकात तपशिलाने वेगळा आहे. शंका असेल तर आपल्या मस्जिदीच्या इमामसाहेबांना विचारावे. आरोग्याच्या दृष्टीनेही ही सवय चांगलीच.

पण अम्मींचा खरा समज वेगळाच होता. त्यांना वाटे, फेस जितका जास्त तितका कपडा पाक. मी त्यांना माझा तो टॉवेलचा प्रयोग दाखवला. बिनपावडरीच्या पाण्यातला फेस पाहून त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "याने भी साबुन कपडे में च रहता." त्यानंतर त्यांनी पावडरीच्या डब्याला हात लावणेच सोडले. चमचा टाकायचे काम आता मोठ्या मुलीकडे आहे. वुजू करतानाही पाण्याचा इस्राफ नको, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. मग साबणाचा इस्राफ तरी कसा चालेल?

मशीनचीही अंघोळ

साबण कपड्यात राहतो तसाच मशीनमध्येही राहतो. दाराच्या रबराची घडी उलटून पाहा. राखाडी चिकट थर दिसला, ओलसर वास आला, तर समजा की डिटर्जंट जास्त होत आहे. फडक्याने रबर पुसा. पावडर टाकायचा खण काढून नळाखाली धुवा. महिन्यातून एकदा मशीन रिकामे, गरम पाण्यावर चालवा. धुणे झाल्यावर दार थोडा वेळ उघडे ठेवा. घरात लहान मूल असेल तर तेवढा वेळ लक्ष ठेवा, आणि डिटर्जंटही त्याच्या हाताला लागणार नाही अशा उंच जागी ठेवा.

साबण निघावा म्हणून काही घरांत पांढरे व्हिनेगर वापरतात. वापरत असाल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. व्हिनेगर आणि क्लोरीनचे ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नका. त्यातून विषारी वायू निघतो. संडास साफ करायचे ॲसिड आणि ब्लीच यांचेही तेच.

आणि जुन्या कपड्यांतला साबण काढायचा कसा? आम्ही टॉवेल, चादरी, मुलीचे गणवेश, सगळे एक-एक करून बिनपावडरीचे धुतले. काही कपडे दोनदा धुवावे लागले. मग फेस यायचा थांबला.

मुलीच्या मानेचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. डॉक्टरांचे मलम चालूच होते, त्यामुळे सगळे श्रेय मी चमच्याला देणार नाही. पण काही आठवड्यांत चट्टे फिके झाले आणि रात्रीचे खाजवणे थांबले. थंडी वाढली की कोपराशी अजूनही कधी लाली येते. तेव्हा क्रीम लावतो. कातडी तिची आहे, ती आम्ही बदलू शकत नाही. तिला दररोज घासणारा साबण मात्र बदलता आला. परवा ती स्वतःच स्कार्फ बांधून आरशासमोर उभी होती. मी विचारले, "टोचतो का गं?" तिने मानेने नाही म्हटले आणि दप्तर उचलले.

आमच्या मशीनच्या काचेत आता फेस दिसतच नाही. कपडे वर जातात, खाली आदळतात आणि पाणी मळकट होत जाते. पहिले काही दिवस मलाच चुकल्यासारखे वाटत होते. आता वाटत नाही.